जळजळ छातीत, मुंग्या पायात

मी फरीदाबादहून बोलतोय. मूळचा सातारा जिल्ह्यातला, फलटण तालुक्यातला. तेहतीस वर्षं पायदळात काढली, 2013 साली कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि मुलीच्या नोकरीमुळे इथे नहरपारच्या एका सोसायटीत येऊन राहिलो. सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. बी.एस्सी. आहे, तीही अकादमीत कवायत करता करता मिळवलेली. त्यामुळे आज मी जे सांगणार आहे ते ऐकून कुणी स्वतःच्या मनाने औषध सुरू करू नका आणि बंदही करू नका. ऐका, आणि आपल्या डॉक्टरांना चार नीट प्रश्न विचारा. एवढंच माझं मागणं आहे.

विषय साधा आहे. आमच्या सोसायटीत पहाटे फिरायला जाणारा आठ-दहा जणांचा कंपू आहे. सगळे साठीच्या पुढचे. थंडी पडली की यातल्या कुणाला तरी हातापायाला मुंग्या येऊ लागतात, तळवे बधिर वाटू लागतात. त्याच माणसाच्या छातीत रात्री जळजळही होत असते. मग दुसरा लगेच निदान करतो, "अरे भाईसाब, गैस है. गैस नसों में चढ़ गई." आपल्याकडे गावी हेच थोडं वेगळ्या शब्दांत सांगतात. पित्त खवळलंय, वात भरलाय. भाषा बदलली तरी निदान तेच. प्रश्न असा, की ॲसिडिटीमुळे खरोखर हातपाय बधिर होतात का?

थेट उत्तर देतो. नाही. पण या 'नाही'च्या मागे एक मोठा 'पण' उभा आहे, आणि त्या 'पण'कडे मी नऊ वर्षं पाहिलं नाही. त्याची किंमत मी मोजली, आणि माझ्यापेक्षा जास्त माझ्या थोरल्या बहिणीने मोजली. म्हणून हे भाषण.

आधी 'नाही' का, ते बघू. जठर आणि अन्ननलिका यांच्यामध्ये स्नायूंची एक झडप असते. घास खाली गेला की ती मिटते. ती सैल पडली, किंवा पोट फार भरलं, वजन वाढलं, जेवून लगेच आडवं झालं, की जठरातलं आम्ल वर येतं. जठराला आतून अस्तर असतं, ते आम्ल सोसतं. अन्ननलिकेला तसं अस्तर नाही, म्हणून तिथे आग होते. आंबट पाणी तोंडात येतं, करपट ढेकर येतात, कुणाला कोरडा खोकला होतो, कुणाचा आवाज बसतो, दातही झिजतात. हे सगळं त्याच वाटेवरचं आहे. पण ते आम्ल रक्तात मिसळून पायाच्या बोटापर्यंत जात नाही. गॅस नसेत शिरत नाही. तसा रस्ताच शरीरात नाही.

मग दोन्ही तक्रारी एकाच माणसाला का होतात? इथे माझीच गोष्ट सांगतो.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मला जळजळीचा त्रास सुरू झाला. अवेळी जेवण, मेसमधलं तिखट, वर रमचा पेग. तपासणी झाली आणि पॅन्टोप्राझोलची गोळी लिहून दिली गेली. सकाळी उपाशीपोटी एक, आठ आठवडे. गोळी जादूसारखी लागू पडली. आठ आठवडे संपले, मी गोळी बंद केली, आणि पाच-सहा दिवसांत जळजळ दुपटीने परत आली. मी ठरवून टाकलं की आपल्याला ही गोळी जन्माची. डॉक्टरांकडे परत गेलो नाही. दुकानातून पाकीट आणायचं आणि सकाळी दात घासले की घ्यायची. असं एक वर्ष नाही, नऊ वर्षं चाललं. कुणी विचारलं, "काही औषधं चालू आहेत का?" तर मी म्हणायचो, "नाही, काही नाही." कारण माझ्या लेखी ते औषध उरलंच नव्हतं. चहासारखी सवय होती.

निवृत्तीनंतर आणखी एक बदल झाला. आमच्या घरी बायको शाकाहारी. मेस सुटली तसं मटण सुटलं. कोलेस्टेरॉलच्या भीतीने मी अंडीही सोडली. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात-भाजी, रात्री दोन फुलके. दूध म्हणाल तर चहात पडेल तेवढंच. आपण किती साधं आणि चांगलं खातो याचा मला अभिमान होता.

2021च्या हिवाळ्यात पायाच्या बोटांना मुंग्या सुरू झाल्या. आधी रात्री, मग दिवसभर. तळव्याखाली कुणी जाड घोंगडं अंथरलंय असं वाटायचं. मी काय समजलो सांगू? मी समजलो, ही सियाचीनची जुनी थंडी. नव्वदच्या दशकात वर असताना माझी बोटं एकदा काळीनिळी पडली होती, वाचली होती. तेच आता म्हातारपणी बोलतंय. कंपूतले म्हणाले, गॅस. मी म्हणालो, थंडी. दोघेही चुकीचे होतो.

मग तीन गोष्टी घडल्या. एक, फिरताना उजव्या पायातली चप्पल निघून मागे राहिली आणि मला दहा पावलं कळलंच नाही. दोन, तोंडाला साबण लावून डोळे मिटले की माझा तोल जायचा, भिंतीला हात लावावा लागायचा. उजेडात मी ताठ चालायचो, अंधारात झोकांड्या द्यायचो. तीन, शर्टाचं बटण लावायला बायकोला हाक मारावी लागली. जो माणूस डोळ्यांवर पट्टी बांधून रायफल खोलून जोडायचा, त्याला बटण लावता येईना. त्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीपेक्षा लहान मुलगी, रोहतककडची. मेंदू आणि नसांची तज्ज्ञ. तिने आधी एमआरआय सांगितला नाही. म्हणाली, "अंकल, घर में जितनी गोलियां हैं, सब थैली में डालकर लाइए." मी म्हणालो, "मी काही घेत नाही." बायको शेजारीच होती. ती म्हणाली, "आणि ती सकाळची पित्ताची?" डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "कितने साल से?"

पुढची तपासणी दहा मिनिटांची होती. तिने सूर लावण्याचा चिमटा वाजवून माझ्या पायाच्या अंगठ्यावर ठेवला. विचारलं, थरथर जाणवते का? मला फक्त थंडगार लोखंड जाणवलं. घोट्यावर ठेवला, थोडंसं. गुडघ्यावर ठेवला तेव्हा कुठे नीट. मग पाय जुळवून उभं राहायला सांगितलं आणि म्हणाली, डोळे मिटा. मी पडलो असतो, तिनेच धरलं. मग रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह साधारण 200च्या वर असावं लागतं, माझं शंभराच्या आसपास होतं.

आता हे कसं झालं ते मला जसं समजलं तसं सांगतो. अन्नातलं बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व प्रथिनांना घट्ट चिकटलेलं असतं. त्याला सोडवायचं काम जठरातलं आम्ल आणि पेप्सिन करतात. मग जठरातच तयार होणारा एक वाहक पदार्थ त्याला सोबत घेतो आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात नेऊन रक्तात सोडतो. म्हणजे रसद पोचायला तीन नाकी ओलांडावी लागतात. आम्ल कमी करणारी गोळी पहिल्याच नाक्यावरचा पहारा उठवते. जळजळ थांबते, पण अन्नातलं बी-ट्वेल्व्ह सुटत नाही आणि तसंच पुढे निघून जातं.

हे लगेच कळत नाही, कारण यकृतात या जीवनसत्त्वाचा काही वर्षं पुरेल इतका साठा असतो. रोजची गरज फार थोडी, दोन-अडीच मायक्रोग्रॅम. त्यामुळे कोठार हळूहळू रिकामं होतं आणि गोळी सुरू झाल्याची आठवणही पुसली गेलेली असते तेव्हा माणूस अडचणीत येतो. आणि नसांना याची गरज का? लढाईत आम्ही टेलिफोनची तार टाकायचो. तारेवरचं रबर निघालं की आवाज खरखरतो, मग तुटतो. आपल्या नसांवरही असं एक वेष्टन असतं. ते शाबूत ठेवायला बी-ट्वेल्व्ह लागतं. सगळ्यात लांब तारा पायाच्या, म्हणून बिघाड बहुधा तिथून सुरू होतो. पाठीच्या कण्यातल्या ज्या तारा पाय कुठे ठेवलाय हे मेंदूला कळवतात त्याही खराब होतात. उजेडात डोळे ते काम भरून काढतात. अंधारात उघडं पडतं. माझ्या साबणाचं कोडं तिथे सुटलं.

आता कुणी म्हणेल, हा एकट्या कर्नलचा किस्सा झाला. तसं नाही. आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. तिथल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं या जीवनसत्त्वावर काम करत आले आहेत. 2006 साली त्यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. पुणे शहर आणि परिसरातले 441 मध्यमवयीन पुरुष, काही खेड्यातले, काही झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गातले. त्यातल्या 67 टक्के लोकांमध्ये बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. आणि सगळ्यात जास्त कुठे? मला वाटलं होतं झोपडपट्टीत. नाही. शहरी मध्यमवर्गात, 81 टक्के. म्हणजे ज्यांच्या घरी फ्रीज भरलेला, ज्यांच्या ताटाला चार वाट्या, त्यांच्यात. शाकाहारी लोकांमध्ये ही कमतरता असण्याचा धोका चौपटीहून जास्त दिसला.

याचं कारण सोपं आहे. बी-ट्वेल्व्ह डाळीत नाही, भाजीत नाही, बाजरीत नाही, बदामात नाही. ते दुधात, दह्यात, अंड्यात, मासळीत, मटणात असतं. ज्याच्या जेवणात दूध फक्त चहापुरतं, त्याचं कोठार आधीच अर्धं असतं. मी इथे शाकाहाराविरुद्ध बोलत नाही. माझी आई माळकरी होती, बहीण माळकरी आहे. पण आपलं ताट कसं आहे हे माहीत असावं. निम्मं कोठार असलेल्या माणसाने वर्षानुवर्षं आम्ल मारणारी गोळी खाल्ली तर काय होणार, याचा हिशोब शाळकरी मूलही करेल.

गोळीबद्दलही मोठा अभ्यास झाला आहे. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसेवेच्या नोंदी तपासून 2013 साली तो प्रसिद्ध झाला. बी-ट्वेल्व्हची कमतरता असलेले जवळजवळ 26 हजार रुग्ण एका बाजूला, आणि कमतरता नसलेले एक लाख 84 हजार दुसऱ्या बाजूला. दोन वर्षं किंवा अधिक काळ या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये कमतरतेची शक्यता 65 टक्क्यांनी जास्त आढळली. लक्षात घ्या, यावरून गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला त्रास होतो असं नाही. बहुतेकांना होत नाही. पण डोस वाढतो, तसा धोका वाढतो. शिवाय 2011 साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी आणखी एक इशारा दिला होता. या गोळ्या दीर्घकाळ, बहुधा वर्षाहून जास्त घेतल्या तर काही जणांच्या रक्तातलं मॅग्नेशियम घसरतं. त्याने पेटके येतात, मुंग्या येतात, हृदयाचे ठोके चुकू शकतात. रक्तदाबासाठी पाण्याची गोळी घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं, कारण त्यातल्या काही गोळ्याही मॅग्नेशियम बाहेर टाकतात.

पण सगळं खापर गोळीवर फोडायचं नाही. ओमेप्राझोल 1980च्या दशकाच्या शेवटी आलं. त्याआधी जठराच्या व्रणाने बेजार झालेल्या किती लोकांना शस्त्रक्रिया करावी लागायची, हे जुन्या माणसांना विचारा. ज्याला व्रणातून रक्तस्राव झालाय, जो हृदयासाठी ॲस्पिरिन घेतो, ज्याच्या अन्ननलिकेला इजा झाली आहे, त्याला ही गोळी वाचवते. त्याने माझं भाषण ऐकून ती सोडली तर मी गुन्हेगार ठरेन. दोष गोळीचा नाही. आठ आठवड्यांची गोळी नऊ वर्षं खाणाऱ्याचा आहे.

जळजळ आणि मुंग्या एकत्र येण्याच्या आणखी वाटा आहेत. त्या भराभर सांगतो. पहिली, मधुमेह. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायाच्या नसा खराब होतात, आणि जठर हलवणाऱ्या नसाही. जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, अन्न तुंबतं, आम्ल वर येतं. म्हणजे दोन्ही तक्रारींचा मालक एकच, साखर. वर मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेतल्यास बी-ट्वेल्व्ह कमी करू शकते. दुसरी, दारू. ती झडप सैल करते आणि नसाही जाळते. मेसमध्ये वाढलेल्या माझ्यासारख्यांनी मान खाली घालून हे ऐकावं. तिसरी, काही लोकांच्या जठराचं अस्तरच आटून जातं, तो वाहक पदार्थ तयार होत नाही. अशा माणसाला पोटात जडपणा वाटतो, तो पित्त समजून गोळ्या खातो, आणि मुळात त्याच्या पोटात आम्ल कमीच असतं. चौथी, भीती. रात्री छातीत जळजळ झाली, हार्ट अटॅक आला की काय म्हणून माणूस घाबरतो, धापा टाकू लागतो. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि ओठांभोवती, बोटांना मुंग्या येतात. श्वास शांत झाला की त्या जातात. पाचवी वाट म्हणजे निव्वळ योगायोग. जळजळ वेगळी, आणि मुंग्या मानेच्या मणक्यामुळे, मनगटात नस दबल्यामुळे किंवा थायरॉइडमुळे. साठीनंतर माणसाला दोन आजार असायला बंदी नाही.

आता बहिणीचं सांगतो. हे मला अवघड जातं, पण हेच सांगायला मी बसलोय.

आमची आक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तरडगावच्या अलीकडे आमचं गाव. माउलींची पालखी लोणंदहून निघून चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण करून तरडगावला येते, त्या वाटेवरचं. आक्का गळ्यात माळ घातलेली, दरसाल वारी चालणारी. पंधरा वर्षांपासून साखर, त्यासाठी मेटफॉर्मिन. 2016 साली मी गावी गेलो तेव्हा तिच्या छातीत जळजळ होत होती. मी माझ्या पिशवीतली पट्टी काढून दिली. म्हणालो, "आक्का, ही सकाळी उपाशीपोटी घेत जा. मी रोज घेतो. बंद करू नकोस." गावात मी कर्नल. मी सांगितलं म्हणजे हुकूम. तिने हुकूम पाळला. संपली की भाच्याकडून फलटणहून मागवायची. पाच वर्षं.

माझं निदान झालं तेव्हा मला तिची आठवण यायला हवी होती. त्याच दिवशी फोन करायला हवा होता. मी माझी इंजेक्शनं घेत बसलो. चार महिने गेले. फोनवर ती म्हणायची, "पाय जड झाल्यात रं, कापसावर चालल्यागत वाटतंय." मी म्हणायचो, "साखर सांभाळ." ज्या माणसाने हीच लक्षणं स्वतः भोगली होती, तो बहिणीला हे सांगत होता. कारण आपल्याला जे झालं ते दुसऱ्यालाही होऊ शकतं हे डोक्यात शिरायला वेळ लागतो, आणि आपणच दिलेल्या गोळीवर शंका घ्यायला त्याहून जास्त.

एका रात्री वीज गेलेली असताना ती मोरीकडे जायला उठली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांत बी-ट्वेल्व्ह शंभराच्या खूप खाली निघालं. मी तिथल्या डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "हे माझ्या गोळीमुळे झालं का?" ते म्हणाले, "कर्नलसाहेब, साखर आहे, मेटफॉर्मिन आहे, जेवण आहे, वय आहे, अंधार आहे, गोळी आहे. कुणाचा वाटा किती, हे कुणालाच सांगता येणार नाही." त्यांनी मला दिलासा द्यायला सांगितलं असेल. पण त्या यादीत एक गोष्ट माझ्या हातची होती.

आक्काला मी सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "आरं, तू काय वाईट व्हावं म्हणून दिली व्हतीस?" ती आता वॉकर घेऊन घरात फिरते. आषाढात पालखी येते तेव्हा तिची खुर्ची रस्त्याच्या कडेला ठेवतात. ती माफ करून मोकळी झाली. मी झालो नाही, आणि होऊही नये असं मला वाटतं. निदान हे सांगत राहण्यापुरतं तरी.

तर मंडळी, करायचं काय? फौजेतल्या सवयीने मुद्दे मोजून देतो.

एक. आज घरी गेल्यावर गोळ्यांचा डबा उघडा. प्रत्येक गोळीपुढे लिहा, कुणी दिली, कधीपासून, किती दिवसांसाठी दिली होती. नावाच्या शेवटी 'प्राझोल' असेल, पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, तर ती या जातीची. डॉक्टरांनी विचारलं की "काही घेत नाही" म्हणू नका. पित्ताची गोळी हेही औषधच आहे.

दोन. अशी गोळी वर्ष-दोन वर्षांहून जास्त चालू असेल, किंवा मेटफॉर्मिन चालू असेल, किंवा जेवणात दूध-अंडी-मासळी फारच कमी असेल, तर डॉक्टरांना बी-ट्वेल्व्ह तपासायला सांगा. सोबत साखर, थायरॉइड, गरज असेल तर मॅग्नेशियम. आणि फक्त हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. रक्त ठीक असतानाही नसा खराब होऊ शकतात. फॉलिक ॲसिडच्या गोळीने रक्ताचा अहवाल सुधारतो आणि नसांचं नुकसान मात्र झाकलं जाऊन पुढे चालूच राहतं, असंही होतं.

तीन. गोळी कमी करायची असेल तर डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने. एकदम बंद केली की दाबून ठेवलेलं आम्ल काही दिवस उसळी मारतं. मी ज्याला जन्माचा आजार समजलो ती हीच उसळी होती. थोडे आठवडे दम धरला असता तर नऊ वर्षं वाचली असती. मी आता गरज पडली तरच घेतो. बाकी काम रात्रीचं जेवण साडेसातला उरकणं, जेवणानंतर तीन तास आडवं न होणं, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सहा-आठ इंचांचे ठोकळे, डाव्या कुशीवर झोपणं आणि सात किलो घटवलेलं वजन, यांनी भागतं. छोले-भटुरे अजून खातो. महिन्यातून एकदा, आणि सकाळी.

चार. मुंग्या आल्या की दुकानातून 'नसांची ताकद' म्हणून मिळणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने महिनोन्महिने खाऊ नका. त्यात बी-सिक्स असतं, आणि ते फार जास्त झालं तर त्यानेच हातपाय बधिर होतात. बी-ट्वेल्व्हची कमतरता खरोखर निघाली तर उपचार स्वस्त आहे. आधी इंजेक्शनं, मग गोळ्या. गोळीतलं बी-ट्वेल्व्ह प्रथिनांना चिकटलेलं नसतं, त्यामुळे ते सोडवायला आम्ल लागत नाही.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. काही वेळा ना गॅस म्हणायचं, ना वात, ना उद्या बघू. छातीत जळजळ किंवा दाब, सोबत घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला जडपणा, दम लागणं, तर सरळ रुग्णालय. तो हृदयविकार असू शकतो. एका बाजूचा हात-पाय अचानक बधिर, तोंड वाकडं, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात, एकही मिनिट घालवू नका. पायातला लुळेपणा काही दिवसांत वर चढत चालला, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि जळजळीसोबत घास अडकणं, वजन घटणं, काळी शौच, रक्ताची उलटी असेल तर गोळी पुरे, दुर्बिणीची तपासणी हवी.

माझं म्हणाल तर चार वर्षं झाली. हाताची बोटं तीन महिन्यांत सुधारली, बटणं मीच लावतो. तोल बराच परत आला. उजव्या पायाचा अंगठा मात्र अजून बधिर आहे, आणि तो आता तसाच राहील असं डॉक्टर म्हणते. उशीर जितका, तितकं परत मिळणं कमी, हा या आजाराचा नियम आहे.

शेवटची विनंती. आपल्यापैकी जे घरातले मोठे आहेत, शिकलेले आहेत, ज्यांचा शब्द घरात चालतो, त्यांना. गावाकडे फोन करता तेव्हा औषध सांगू नका. विचारा. आक्का, ताई, आई, काका, कुठल्या गोळ्या चालू आहेत, कधीपासून? अंधारात तोल जातो का? चप्पल पायातून निसटते का? एवढं विचारायला पाच मिनिटं लागतात. मी ती पाच मिनिटं चार महिने काढली नाहीत.

जय हिंद, जय महाराष्ट्र.